हरलेल्यांनी भाजलेले रोडगे

रफिक,

जायचंच होतं तर सोमवारी जायचं होतंस. बुधवारी जायची काय घाई होती? रविवारी तू अकोल्याच्या पंधरा मुली आणि त्यांच्या गावंडे मॅडम यांना शाळेच्या मैदानावर जेवायला बोलावून ठेवलं होतंस. रोडग्यांची कणीक भिजवणारा तू, ते भाजायला गोवऱ्यांचा जगरा लावणारा तू, वांग्याच्या भाजीत तिखट किती ते ठरवणारा तू. पाहुणे यायच्या चार दिवस आधी यजमानानंच निघून जायचं, ही कुठली रीत?

आणि तेही माझं तुझ्याशी बोलणं बंद असताना. ते बंद होतं हे तुला कळलं तरी होतं का, अशी मला दाट शंका आहे. अकरा दिवस मी स्टाफरूममध्ये तुझ्याकडं पाठ करून बसलो. तू रोज मागून हात घालून माझ्या डब्यातली जवसाची चटणी उचलून नेलीस. बोलणं बंद आहे हे सांगायचं तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. इतका अपमान माझ्या अबोल्याचा आजवर कोणी केला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी बडनेरा रस्त्यावरच्या या नव्या शाळेत आपण एकाच दिवशी रुजू झालो. तू क्रीडाशिक्षक, मी मराठीचा. शाळेला तेव्हा दोन टिनाच्या खोल्या होत्या आणि कापसाच्या शेतातून नुकतंच मोकळं झालेलं मैदान होतं. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडायच्या की चेंडू गेला की गेलाच. पहिल्याच क्रीडादिनी मी माईक हातात घेऊन धावतं वर्णन सुरू केलं, लिंबू-चमच्याच्या शर्यतीला महायुद्धाचं रूप दिलं, आणि तू मैदानातून ओरडलास, "अबे नाटक्या, थो लिंबू पडला, इकडं पाह्य!" तेव्हापासून तुझ्यासाठी मी नाटक्याच. मला वानखडे असं बरं आडनाव आहे. ते तू सहा वर्षांत एकदाही वापरलं नाहीस.

पहिली तीन वर्षं काय सुंदर होती! आजूबाजूच्या आपल्यासारख्याच लहान शाळांशी आपण कबड्डी खेळायचो, खो-खो खेळायचो आणि जिंकायचो. मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे आपल्या मोठ्या मॅडमच्या कपाटात ढाली मावेनात, तेव्हा त्यांनी हजेरीपटांना दुसरी जागा दिली. मी प्रत्येक विजयावर भाषण करायचो. मुलं टाळ्या वाजवायची. सगळे सुखात होते. तू सोडून.

"जिंकून जिंकून पोट्टे बिघडून राहिले," तू म्हणालास.

"जिंकल्यानं कोण बिघडतं बे?"

"तू. तुहं भाषण पाह्य किती लांबून राहिलं."

आणि चौथ्या वर्षी, कोणालाही न विचारता, तू आपल्या सगळ्या संघांची नावं जिल्ह्याच्या मोठ्या गटात देऊन आलास. तिथं वीस-वीस वर्षं मैदान गाजवलेल्या शाळा होत्या. त्यांच्याकडं मॅट होती, बूट होते, सकाळ-संध्याकाळचा सराव होता. आपल्या मुली काळ्या मातीत अनवाणी धावणाऱ्या. खो-खोला मॅटवर पहिल्यांदा उतरल्या तेव्हा बर्फावर सोडल्यासारख्या घसरल्या. मी माईकवर "आणि ही धावली... आणि ही..." एवढंच म्हणत राहिलो. वाक्य पुरं करायला आपली कोणी मुलगी तेवढा वेळ उभीच राहिली नाही.

सामना संपला. मी मुलींचे चेहरे बघत बसलो होतो. तू मात्र सरळ जिंकलेल्या शाळेच्या सरांकडं गेलास. मला वाटलं, पंचांची तक्रार करायला गेलास. तू त्यांचा हात धरून म्हणालास, "सर, तुमी आमाले चांगलं हाणलं. आता रविवारी जेवाले या. रोडगे करतो."

इथून माझा छळ सुरू झाला.

तुझा नियम असा: जो आपल्याला हरवेल त्याला आपण जेवू घालायचं. आणि जेवणानंतर दोन्ही संघ मिसळून, अर्धे त्यांचे अर्धे आपले, असा एक सामना खेळायचा. ना पंच, ना ढाल. रोडगे करायचे हरलेल्यांनी. म्हणजे आपण. दर वेळी आपण. तुझ्या अब्बांनी बडनेऱ्याला रेल्वेत असताना यार्डातल्या गँगमनकडून रोडगे शिकून घेतले, तुला शिकवले, आणि तू अर्ध्या अमरावतीला खिलवलेस. मोठ्या मॅडम एकदा म्हणाल्या, "रफिक सर, रोडगे देवाच्या नावानं करतात, हरल्याच्या नावानं नाही." तू म्हणालास, "मॅडम, खाणारा उपाशी नाई गेला म्हणजे झालं."

मग शाळेत शब्दच रूढ झाला. कबड्डीचा संघ मान खाली घालून परत आला, की गेटवरचे मामा विचारायचे, "काय झालं?" मुलं म्हणायची, "रोडगे." कधी कधी तर सामना सुरू असतानाच राखीव खेळाडू मला विचारायचे, "सर, या रविवारी वांगे किती लागतीन?"

दोन वर्षं मी तुझ्याशी भांडलो. जे आपल्याला तुडवतात त्यांना तूप घालून वाढायचं? माझ्या खिशात तेव्हापासून एक कागद होता. जिल्हा पार करून विभागात एक सामना जिंकलो की करायचं भाषण. घड्या पडून पडून तो कागद फाटायला आला होता. तू एकदा तो खिशातून काढून वाचलास आणि म्हणालास, "लय मस्त. पन नाटक्या, यात पोट्ट्यायचं नाव कुठं हाये?" मी नंतर घातलं. तुला सांगितलं नाही.

हे मान्य करतो, अगदी नाइलाजानं मान्य करतो, की त्या मिसळीच्या सामन्यांत काहीतरी होत होतं. हरवणाऱ्या शाळेची मुलगी आपल्या मुलीशेजारी पाटीवर बसायची आणि सहज सांगून जायची, "अगं, टाच उचलून बसत जा, लवकर उठता येते." पोटात तुझे रोडगे असल्यावर कोण गुपित राखणार? मंडपवाल्याकडून तू जुने गालिचे आणून मातीवर अंथरलेस, मुली बुटांत धावायला शिकल्या. आणि यंदा जिल्हा जिंकला. मी वेडापिसा नाचलो. तू मात्र हरलेल्या शाळेकडं आशेनं बघत होतास, ते जेवायला बोलावतात का म्हणून. त्यांनी नाही बोलावलं. तुझं तोंड उतरलं. जिल्हा जिंकून तोंड उतरलेला मी पाहिलेला एकमेव माणूस तू.

मग विभाग. अकोला. गावंडे मॅडमच्या खो-खोच्या मुली.

आपली सगळी भिस्त आचलवर होती. आचल धावायला उतरली की समोरच्या मुली उठबशा काढल्यासारख्या थकायच्या. जिल्ह्यात तिला कोणी हात लावू शकलं नव्हतं. अकोल्यात ती उतरली, मी खिशातला कागद चाचपला, आणि एका मिनिटाच्या आत ती बाद झाली. खांबाजवळ आली, नेहमीसारखी डावीकडं वळली, आणि त्यांची ती उंच मुलगी, तन्वी, शेवटच्या पाटीवरून उठून त्याच बाजूला सूर मारून पडली. जणू वाटच बघत होती. दुसऱ्या डावातही तेच. त्याच खांबाला, त्याच बाजूला, तीच तन्वी.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरला गाडी थांबली. तू खाली उतरून कागदात भजे घेऊन आलास. मी विचारलं, "ती डावीकडं वळते हे त्यांना पहिल्याच मिनिटात कसं कळलं?"

"मीच सांगितलं."

"कोणाला?"

"गावंडे मॅडमले. फोन केला होता गेल्या महिन्यात. भजा खाय."

"तू? आपल्याच पोरीचं?"

"हाव. चाळीस वेळा सांगितलं तिले, पोरी, उजवीकडं बी वळत जाय. ऐकते काय ते? तिले कोनी पकडतच नाई, त काहून ऐकन? पकडनारा शोधा लागते बे."

"अरे हा विभागाचा सामना होता!"

"मंग? इथं घरी पकडली असती त म्हनली असती, पाय घसरला."

मी उभा राहिलो. माझा रंगमंचाचा आवाज तुला माहीत आहे, माईक लागत नाही. "तू फितूर आहेस, रफिक! फितूर!" पुढच्या सीटवरची म्हातारी दचकून जागी झाली. कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. आचल खिडकीबाहेर बघत होती, पण तिनं शब्द न् शब्द ऐकला.

तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "नाटक्या, भजे थंडे होऊन राहिले. आन ऐक, त्यायले पंधरा दिवसांनं रविवारी बोलावलं हाये. वांगे तू आनजो."

"मी येणार नाही."

हे माझं तुझ्याशी शेवटचं वाक्य. इतकी वर्षं अखंड बोलणाऱ्या माणसाला शेवटचं वाक्य हे सुचावं! आधी कळवलं असतंस तर काहीतरी बरं लिहून आणलं असतं.

त्या अकरा दिवसांतली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आचलही तुझ्यावर रागावली होती. शेवटच्या तासाला नववीच्या वर्गाच्या खिडकीतून मला मैदान दिसायचं. ती एकटीच खांबापर्यंत धावत जायची आणि उजवीकडं वळायची. पुन्हा जायची, पुन्हा उजवीकडं. दात-ओठ खाऊन. तू पाठमोरा बसून बूट मोजत होतास. बघितलं असशील का? तुला हाक मारून सांगावं असं मला दोनदा वाटलं. पण बोलणं बंद होतं ना.

शनिवारी मी तुझ्या घरी गेलो. घरात दुखवट्याला आलेली माणसं होती, नसीमभाभी आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी दाराशीच बसून म्हणालो, "भाभी, उद्याचं काही मनात आणू नका. मी अकोल्याला फोन करून नको म्हणून सांगतो."

"काहून?" त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता, पण धार तीच. "दावत उन्होंने दी थी ना? ज्यानं बोलावलं तो नाई, म्हनून का पोरी उपाशी जातीन?"

मी म्हटलं, "पण भाभी, करणार कोण?"

"व्हरांड्यात पोतं हाये गोवऱ्यांचं. मंगळवारी आनून ठेवलं त्यायनं. परात बी तिथंच हाये, घेऊन जा." मग जरा थांबून म्हणाल्या, "वांगे मात्र नाई आनले. मी म्हनलं, आनून घ्या, सर त रागात हायेत. त म्हने, वांगे नाटक्या आनते."

रफिक, ह्याला काय म्हणायचं? मी येणार नाही असं भर एसटीत, साक्षीदारांसमोर सांगितलेलं. त्यावर तुझा विश्वास नाही. मी तुझ्याशी बोलत नाही, त्याचीही दखल नाही. आणि माझ्या वांग्यांवर एवढा भरवसा! मी पोतं खांद्यावर घेतलं, परात काखेत घेतली आणि तिथून थेट भाजीबाजारात गेलो. रागानं चांगली काटेरी बघून सहा किलो घेतली.

रविवारी सकाळी तुझ्या गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या, पण मला त्या पेटवता येईनात. कागद शोधला, तर खिशात एकच कागद होता. भाषण चांगलं होतं रे. लवकर पेटलं.

मोठ्या मॅडम पदर खोचून वारा घालत होत्या. आपल्या मुली कणकेचे गोळे करत होत्या, त्यातले काही चेंडूएवढे, काही लिंबाएवढे. आचल रागारागानं वांगी चिरत होती. अकरा वाजता अकोल्याची गाडी आली. गावंडे मॅडम उतरल्या, माझ्यासमोर आल्या. दुःख झालं, वाईट झालं, असं काही म्हणाल्या नाहीत. सलवारीचे पाय दुमडून जगऱ्याशेजारी बसल्या आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "सर, एकाच बाजूनं जळून राहिले हे. पलटवा लागतात."

त्या रोडगे उलटवत होत्या, तेव्हा मी ठरवलं की आता मनातलं बोलायचं. निदान गावंडे मॅडमजवळ तरी म्हणावं की मी रफिकला फितूर म्हणालो, चुकलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, तुमच्या सरांनी त्या फोनवर आमच्या तन्वीचं बी सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"कुठं तरी खेळताना पाहिलं होतं त्यांनी तिले. म्हने, तुमची उंच पोरगी सूर मारल्यावर हातावर उठते. गुडघ्यावर उठाले शिकवा, दोन पावलं वाचतीन. पंधरा दिवस तेच करून घेतलं तिच्याकडून. नाई त तुमची आचल कुठं सापडत होती आमाले? दुसऱ्या डावात त पयला सूर हुकलाच होता तिचा. उठून दुसरा मारला."

मी चिमट्याशिवाय, रिकाम्या हातानंच रोडगा उचलला आणि बोटं भाजून घेतली.

म्हणजे आपल्या मुलीची खोड तू त्यांना सांगितलीस ती सांगितलीस, वर त्यांच्या मुलीची खोडही त्यांनाच सांगितलीस! सामन्याच्या आधी! मी तुला फितूर म्हणालो ते चुकलं हे खरं. तो शब्द फार लहान पडला. माफी मागायला बसलेला माणूस मी, पुन्हा नव्यानं भांडायला उठलो, तर समोर तू नाहीस. ह्या एका गोष्टीसाठी मी तुला कधीच माफ करणार नाही. आता हे सगळं कोणावर ओरडू?

जेवणं झाली. अर्धे रोडगे करपलेले, अर्धे आत कच्चे. अकोल्याच्या मुलींनी तुपात बुडवून सगळे संपवले. मग मिसळीचा सामना. आचल धावणाऱ्यांत, तन्वी पकडणाऱ्यांत. मी माईक घेतला. आचल साखळीतून सळसळत खांबाकडं निघाली. तन्वी उठली, तिची नजर डावीकडं लागली होती. आचल खांबाला आली, आणि उजवीकडं वळली. तन्वीचा सूर मोकळ्या मातीत गेला. गुडघ्यावर उठून ती पुन्हा झेपावली, तोवर आचल पार दुसऱ्या टोकाला.

माईक सुरू होता आणि मी बंद. पहिली टाळी गावंडे मॅडमनी वाजवली.

आचलनं वळून मैदानाच्या कडेला पाहिलं. तू जिथं शिट्टी तोंडात धरून उभा असायचास तिथं. मग धावत राहिली.

आता शेवटचं सांगतो. उंच स्टुलावर बसून सहा वर्षं वर्णन केल्यानं माझे डोळे तयार झालेत, हे तूच म्हणायचास. तर त्या सामन्यात मला एक दिसलं. त्यांची लाल रिबीनवाली मुलगी जिला खो द्यायचा तिच्याकडं आधी एकदा बघते. दर वेळी. पापणी लवण्याइतकंच, पण बघते. हे ज्याला कळलं त्याला खो कुठं जाणार ते अर्धा क्षण आधी कळलं. पुढच्या वर्षी विभागात आचलला तेवढा अर्धा क्षण पुरला असता. दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली तो सामना माझ्या मुठीत होता.

पाणी पिताना गावंडे मॅडमनी विचारलं, "वानखडे सर, तुमी वरून सगळं पाहता. आमच्या पोरींचं काही दिसलं काय?"

आचल बाजूलाच उभी होती, पेला हातात घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळूच मान हलवली. नाही. म्हणजे तिलाही दिसलं होतं.

मी तुझ्या परातीकडं पाहिलं. रिकामी होती, कडेला कणीक वाळलेली.

आणि मी सांगितलं, रफिक. लाल रिबीन, ती नजर, सगळं. शिवाय तिला खांद्याच्या अंदाजानं खो द्यायला कसं शिकवायचं, तेही सांगितलं. ते मला कोणी विचारलंही नव्हतं.

आचलनं कपाळावर हात मारला. "सर, तुमी बी?"

"हाव," मी म्हणालो. "जाय, पाणी वाढ त्यायले."

तेव्हा पुढच्या वर्षी आपण पुन्हा हरायची शक्यता आहे, आणि याला जबाबदार तू आहेस. वांगी मी आणीन. कणीक भिजवायला आचलच्या आईला सांगितलं आहे. पण ते पोतं तू आणलंस कुठून? बडनेऱ्यातून, नांदगावकडून, कुठून? चार ठिकाणी विचारून झालं, सगळीकडच्या ओल्या निघाल्या. सहा वर्षं मला सगळं नको ते सांगत बसलास. गोवऱ्या कुठून आणायचास तेवढं मात्र सांगितलं नाहीस.